ॲलर्जी : नाही

रात्री साडेआठ. मिरजेतला आमचा दवाखाना,
भेटायला आलेल्यांचे डबे परत निघालेले.
मी उद्याच्या यादीतली माणसं बघत फिरते.
तिसरं नाव छबूताई वायदंडे, वय अठ्ठावन्न,
राहणार सावळज, पित्ताशयात खडे.
फाइलमध्ये लिहिलंय, ॲलर्जी : नाही.
अक्षर इंटर्नचं, घाईतलं,
वेलांटी रकान्याबाहेर पळालेली.
खाली संमतीपत्र. सही मुलाची.
‘मला समजेल अशा भाषेत सर्व धोके समजावून सांगण्यात आले आहेत’
हे वाक्यच समजेल अशा भाषेत नाही.
सतरा वर्षं रोज जाणवतं
आणि रोज मी पान उलटते.

आज नाही उलटलं, कारण
शेजारची खुर्ची रिकामी होती
आणि माझे पाय दुखत होते.

मावशी, कशाची ॲलर्जी?
“न्हाई वो. आमा गरिबाला कसली आल्यार्जी?”
जणू ती हप्त्यावर घ्यायची वस्तू,
फ्रिजसारखी.

मग मी शब्द बदलला.
कशानं पित्त उठतं अंगावर? गांध्या? खाज?
छबूताई उशीला टेकून सरळ झाल्या.
“शेडवर बेदाणा निवडताना हात पेटत्यात.
गंधकाची धुरी आस्ती न्हवं, त्येनं.”
बाकीच्या बायांचे?
“त्यांचं न्हाई.” थांबल्या.
“म्हनून तर मी रबरी मोजं घेतलं इकत.
पर मोजं घातलं की जास्तच.”

मी पेनचं टोपण काढलं.
अजून?
अजून म्हणजे नातवाच्या वाढदिवसाला फुगे फुगवले,
चौथ्या फुग्याला ओठ सुजले, भज्यासारखे.
घरची पोरं हसली. मोबाइलात फोटो आहे.
आणि केळं. केळ्यानं घशात मुंग्या येतात,
सोडलं केळं, आता उपासाला रताळं.

फुगा, मोजे, केळं.
छबूताईंना वाटत होतं, डॉक्टरीण गप्पा मारतेय.
मला दिसत होते उद्याचे हात,
धुतलेले, रबर चढवलेले,
त्यांच्या पोटाशी जाणारे सगळे हात, त्यात माझेही.
भूल दिलेलं माणूस खाजतंय म्हणत नाही.
आकडे पडत जातात, तेवढंच.

सरांना फोन केला. यादी बदला,
वायदंडे पहिल्या, थिएटरमधली हवा निवळलेली असताना.
सर म्हणाले, एका फुग्यावरून?
हो, म्हटलं, एका फुग्यावरून.
सिस्टर सुवार्तानं कपाटाच्या तळातून
बिनरबरी मोजे काढले, चार जोड,
उरलेले सांगलीहून सकाळी सहाच्या आत.

मग कोरं संमतीपत्र.
मुलगा म्हणाला, मॅडम, मी केलीय की सही.
तुमची केलीत. पोट त्यांचं आहे.

सांगितलं सगळं. नळी घशात जाईल, दात हलेल एखादा,
क्वचित त्याहून वाईट. तेही सांगितलं,
आवाज न उतरवता.
छबूताईंनी विचारलं, “आन् मी न्हाई म्हनलं तर?”
तर नाही. घरी जा, विचार करा.
दुखलं की या, मी रागावणार नाही.
असं कुणी त्यांना बऱ्याच वर्षांत म्हटलं नसावं,
कारण त्या मुलाकडे बघायला वळल्या
आणि मधेच माझ्याकडे फिरल्या.
“झोपवल्याव तुमी जानार न्हवं भाईर?”
नाही.
“उठंपातूर?”
उठेपर्यंत.
“मग व्हय.”

पेन उभं धरून त्यांनी लिहिलं, छबू,
साक्षरतेच्या वर्गातलं, जाड.
आडनावाला जागा उरली नाही.

मी ‘नाही’वर आडवी रेघ मारली,
वर लाल शाईनं लिहिलं :
रबर. (फुगा, मोजे, केळं.)
इंटर्न सकाळी विचारेल, मॅडम, फुगा म्हणजे?
सांगेन.
आधी खुर्ची ओढ म्हणेन.